ताईची सही

“तू चल माझ्याबरोबर,” ताई म्हणाली. “त्या बँकवाल्यांचं बोलणं मला निम्मं कळत नाही. तुला यातलं कळतं.”

शेठ बूट घालत होता. त्याचा हात नाडीवरच थांबला.

“कशाला? कर्जाचं तर झालं होतं ना?”

“झालं होतं म्हणूनच तर. परवापर्यंत ‘होईल मॅडम, होईल मॅडम’ चाललं होतं. काल फोन आला, अर्ज अडकलाय म्हणे. माझ्या नावावर कुठलंतरी कार्ड आहे आणि ते थकलंय.” ताई हसली. “माझ्या नावावर! मी आयुष्यात कधी कार्ड वापरलं नाही. दुसऱ्या कुणाचं नाव माझ्यासारखं असणार. जाऊन सांगितलं की मिटेल.”

आई आतून म्हणाली, “घेऊन जा गं त्याला. दोघं असली की समोरचा जरा नीट बोलतो.”

शेठने नाडी बांधली, सोडली, परत बांधली. “मला आज दोन ठिकाणी जायचंय. लोक वाट बघत असतील.”

“तासाभराचं काम आहे रे. मी पण दुपारची ड्युटी मागून घेतलीये.”

नाही म्हणायला त्याच्याकडे कारण होतं, तोंड नव्हतं. तो उठला.

शेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वय पंचवीस, काम एसी दुरुस्तीचं, पगार वीस तारखेलाच दम तोडणारा. तरी मित्रांनी त्याला हे नाव दिलं होतं आणि त्याला ते आवडत होतं. हॉटेलात बिल आलं की चौघांचे हात खिशाकडे सावकाश निघत. याचं कार्ड तोवर टेबलावर पडलेलं असे. “राहू दे रे, मी बघतो.” एवढं म्हणताना त्याला जे वाटे ते दिवसभरात दुसऱ्या कशानेच वाटत नसे. दिवसभर तो लोकांच्या घरी शिडीवर चढून त्यांच्या एसीच्या जाळ्या धुवायचा. “सोफ्यावर टेकू नकोस हं, कपडे मळलेत तुझे,” हे त्याने इतक्या घरांतून ऐकलं होतं की आताशा तो आपणहून दारातच उभा राहायचा. संध्याकाळी कार्ड निघालं की तो शेठ.

पहिलं कार्ड त्याला एका दुकानाबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाने दिलं होतं, वर एक बॅग फुकट. चाळीस हजारांची मर्यादा. त्याला वाटलं, चला, बँकेने तरी आपल्याला ओळखलं. दर महिन्याच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक लहानसा आकडा असायचा. तेवढं भरलं की त्या महिन्याचं संपलं, असं तो खुशाल धरून चालला. ते संपत नव्हतं, वाढत होतं, हे कळायला त्याला वर्ष लागलं. मग पहिल्याचं भरायला दुसरं कार्ड घेतलं, दुसऱ्याचं भरायला तिसरं. बिल द्यायची सवय मात्र सुटली नाही. शेठने बिल दिलं नाही तर तो शेठ कसला?

तीन कार्डं भरली तेव्हा एका एजंटने विचारलं, “घरात अजून कुणी पगारदार आहे का?”

ताई होती. दहा वर्षं एकाच हॉस्पिटलात नर्स. तिच्या पगाराच्या खात्याचे फॉर्म शेठनेच भरून दिले होते, त्यामुळे तिचं ओळखपत्र, पगाराची पावती, फोटो, सगळं त्याच्या फोनमध्ये होतं. राहिली फक्त सही. ती त्याने एका दुपारी, सर्व्हिस सेंटरच्या मागच्या बाकावर बसून, कामाच्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गिरवली. ताईच्या सहीला शेवटी एक लांब शेपटी होती. अकरा वेळा जमली नाही. बाराव्या वेळी जमली. दोन महिन्यांत फेडून टाकू, तिला कळणारही नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. आणि खोटं वाटेल, पण तेव्हा त्याचा त्यावर पुरता विश्वास होता.

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली होती.

बसमध्ये ताईला खिडकीजवळ जागा मिळाली. तो शेजारी दांडी धरून उभा होता. ती आज खुशीत होती. ज्या कोर्सच्या फीसाठी कर्ज होतं तो एका वर्षाचा होता, अतिदक्षता विभागातल्या नर्सिंगचा. सहाशे जणींनी परीक्षा दिली होती, चाळीस जणी घेतल्या, त्यात ताई सातवी. वयाची अट होती. यंदा बसली तर बसली, पुढच्या वर्षी ती बादच झाली असती. वडील गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तेव्हापासून ती वॉर्डात उभी होती ती उभीच.

“सगळ्यात जास्त मला कसला आनंद झालाय सांगू?” ती वर बघून म्हणाली. “वर्षभर बसून शिकायचं. बसून! खुर्चीवर!”

आता सांगू, असं त्याच्या मनात आलं. पुढच्या स्टॉपच्या आत सांगू. स्टॉप आला. बरं, उतरल्यावर सांगू. उतरल्यावर रस्ता ओलांडायचा होता. मग ठरलं, बँकेच्या पायरीवर. पायरीवर रखवालदाराने दार उघडून धरलं होतं, त्याला ताटकळत कसं ठेवणार? अशी एकेक जागा मागे पडत गेली आणि शेवटी तो साहेबांच्या टेबलासमोर, ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला होता.

साहेब मधल्या वयाचे, चष्मा कपाळावर चढवलेला. बोलणं मऊ.

“मॅडम, कार्ड दोन वर्षांपूर्वीचं आहे. गेले सात महिने एकही हप्ता आलेला नाही. व्याज आणि दंड धरून एक लाख चौऱ्याऐंशी हजार.”

“माझं नाहीच ते,” ताई म्हणाली.

“ओळखपत्र तुमचंच आहे. पगाराची पावती तुमच्या हॉस्पिटलची. आणि ही सही.” त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

ताई वाकून बघत राहिली. “सही माझ्यासारखी आहे,” ती म्हणाली. “पण मी केलेली नाही.”

“होतं असं. कागद आपण कुठेतरी दिलेले असतात, कुणीतरी वापरतं. घाबरू नका. तुम्ही तक्रार लिहून द्या. पोलीस दोन दिवसांत माणूस शोधतील, कारण कार्डाला त्याचा फोन नंबर जोडलाय. तक्रारीची प्रत मला आणून द्या. मी वर बोलतो आणि तुमचं कर्ज शनिवारच्या आत मोकळं करून घेतो. मग तर झालं?”

“नंबर कुठला आहे?”

साहेबांनी एका चिठ्ठीवर नंबर लिहिला आणि टेबलावरून पुढे सरकवला.

ताई कुणाचे नंबर पाठ करत नसे. हा एक मात्र तिला पाठ होता. हॉस्पिटलच्या प्रत्येक फॉर्मवर, ‘तातडीच्या प्रसंगी कुणाला कळवावे’ या रकान्यात, गेली कित्येक वर्षं ती हाच नंबर लिहीत आली होती.

तिने चिठ्ठी वाचली. उचलली, परत वाचली. शेजारी बघितलं नाही. शेठच्या कानांत गरम हवा भरल्यासारखं झालं. समोर साखळीला बांधलेलं पेन होतं, त्या साखळीच्या कड्यांवर त्याने नजर खिळवून ठेवली.

“खर्च कशाकशावर झालाय ते बघता येईल?” ताईने विचारलं. आवाज तोच होता, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतानाचा.

साहेबांनी यादी छापून दिली. ताई ती केसपेपर वाचावा तशी वाचू लागली, बोट वरून खाली नेत. बोट पहिल्याच ओळीवर अडखळलं. घड्याळ. त्याखाली बूट. हॉटेल. हॉटेल. फोन. तळ्याकाठच्या एका रिसॉर्टचे दोन दिवस. हॉटेल. हॉटेल. गाडीचे टायर. हॉटेल.

ताईचं बोट शेवटपर्यंत जाऊन परत पहिल्या ओळीवर आलं. दोन वर्षांपूर्वी, ती नोकरीत कायम झाली त्या आठवड्यात, शेठने तिला एक घड्याळ दिलं होतं. ठळक सेकंदकाट्याचं, नाडी मोजायला सोपं. ‘माझ्या कमाईतून पहिलं तुला’ असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि आईने डोळ्याला पदर लावला होता. ते घड्याळ आताही तिच्या मनगटावर होतं. ताईने सावकाश बाही खाली ओढून त्यावर घेतली.

“कुणावर संशय?” साहेबांनी विचारलं.

मीच तो. दोनच शब्द होते. शेठने तोंड उघडलंदेखील, पण आवाजच निघेना. निघेना, की त्याने काढला नाही, हे त्याचं त्यालाही पुढे कधी ठरवता आलं नाही.

“मला आठवलं,” ताई म्हणाली. “कार्ड माझंच आहे.”

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. तिच्याकडे पाहिलं. मग शेठकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

“मॅडम, नीट विचार करा. एकदा असं लिहून दिलंत की हे देणं तुमचं. पुरतं फेडलंत तरी नोंद राहते. यंदा तरी कर्ज मिळणार नाही.”

“हो.”

“फीची मुदत शनिवारचीच ना?”

“हो.”

“मग?”

“सही कुठे करायची?” ताईने विचारलं.

तिने साखळीचं पेन ओढलं आणि सही केली. तीच शेपटी, कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

त्या क्षणी शेठला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा दगड खरंच खाली उतरला. पोलीस येणार नाहीत, नोकरी जाणार नाही, झालं, सुटलो. त्याने जे काही केलं त्याची लाज त्याला पुढे वाटलीच. पण सगळ्यात जास्त लाज वाटली ती या सुटकेची. बहिणीने आपलं वर्ष त्या कागदावर लिहून दिलं, आणि त्याला हायसं वाटलं होतं.

बाहेर ऊन होतं. दोघं स्टॉपपर्यंत चालली. बाकावर एक म्हातारा पेपर वाचत बसला होता. ताई त्याच्यापासून जरा लांब उभी राहिली.

“अजून किती?”

“काय?”

“कार्डं.”

“दोन.”

एक बस आली, गेली. तिचा नंबर वेगळा होता.

“तीन,” शेठ म्हणाला. “आणि ॲपवरून घेतलेलं एक कर्ज.”

“त्यातलं माझ्या नावावर?”

“नाही. हे एकच. शपथ घेतो, ताई.”

“शपथ नको घेऊस.”

“ताई, मार मला. इथेच मार.”

“मला ड्युटी आहे,” ताई म्हणाली.

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, “तू तक्रार का नाही दिलीस?”

“तुला आत टाकलं असतं, तुझी नोकरी गेली असती, मग बाकीची तीन कुणी फेडली असती? आईने?” ती रस्त्याकडे बघत होती. “उगाच मनात काही चांगलंचुंगलं आणू नकोस. विचार करून केलंय मी. आईला यातलं काही सांगायचं नाही. तुझ्यासाठी नव्हे. तिच्यासाठी.”

बस आली. गर्दी नव्हती, दोन जागा शेजारी रिकाम्या होत्या. ताई पुढे जाऊन एकटी बसली.

रात्री घरी तिने सांगितलं, नंबर लागला नाही. पहिली यादी चुकीची होती, सुधारलेल्या यादीत नाव नाही. आईने कपाळाला हात लावला. “मी म्हणत नव्हते? वॉर्डातून येऊन पुस्तक घेऊन पडायचीस, दहा मिनिटांत घोरायला लागायचीस. असा होतो होय अभ्यास?” ताई “हो गं” म्हणाली आणि भांडी घासायला गेली. आई शेठकडे वळली. “तू हुशार आहेस, तूच बसवून घ्यायचास तिचा अभ्यास. तिला सांगणारं कोण आहे दुसरं?”

शेठ ताटावरून उठला. पोट दुखतंय म्हणाला.

तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. ताईच्याच वॉर्डातली पोरगी, दोन वर्षांपूर्वी लागलेली. हात हातात धरून तिला शीर शोधायला ताईनेच शिकवलं होतं. रविवारी ती घरी आली तेव्हा बावरलेली होती, जणू तिने काही चोरलंय. ताईने तिला आपली पुस्तकं दिली, खुणा केलेली पानं उलटून दाखवली, आणि जिन्यापर्यंत जाऊन “हे बघ, श्वसनाचं प्रकरण आधी कर, तिथे सगळ्या आपटतात” असं सांगत राहिली. शेठ आतल्या खोलीत होता. दार लोटून घेतलं तरी आवाज यायचा तो आलाच.

सोमवारी तो सर्व्हिस सेंटरच्या मालकाकडे गेला. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. हात काळे, जीभ तिखट. ते एक जुना कॉम्प्रेसर उघडून बसले होते.

“उस्ताद, माझा निम्मा पगार परस्पर ताईच्या खात्यात टाकाल का? माझ्या हातात देऊच नका.”

“का रे? लग्नबिग्न करतोस काय चोरून?”

शेठने सांगितलं. पहिल्यांदाच त्याने हे दुसऱ्या माणसासमोर उच्चारलं. सही गिरवली ते सांगताना तो अडला, पण सांगितलं. कुठल्या बाकावर बसून, तेही.

उस्तादांनी पाना खाली ठेवला. बराच वेळ हात पुसत राहिले. “तुझ्या हातात मी लोकांच्या घराच्या किल्ल्या देतो,” ते शेवटी म्हणाले. “माहिती आहे ना? म्हातारी माणसं एकटी असतात, कपाटं उघडी असतात.”

“हो.”

“उद्यापासून बंद. कुणाच्या घरी एकट्याने जायचं नाही. जोडीला माणूस असेल. किती दिवस, ते विचारू नकोस. मला वाटेल तेव्हा.”

“बरं.”

“पगाराचं करतो मी. जा आता.” तो वळला तसे म्हणाले, “आणि रविवारचे जादा कॉल घे. त्याचे पैसे वेगळे.”

मित्रांना सांगणं त्याहून अवघड गेलं, हे त्याला स्वतःलाही विचित्र वाटलं. संध्याकाळी नेहमीच्या हॉटेलात बिल आलं. सगळे बोलत राहिले, सवयीने. शेठचे हात मांडीवर होते.

“आज माझ्याकडे नाहीत,” तो म्हणाला. “इथून पुढेही नसतील.”

“शेठ, काय फेकतोयस!” एकजण खो खो हसला. बाकीचे हसले. मग एकेकाचं हसू थांबत गेलं. बिलाचा कागद मधोमध पडून होता. शेवटी चौघांनी आपापला वाटा काढला, शेठनेही काढला, आणि आजवर कधी झालं नव्हतं ते झालं, म्हणजे कुणी काय जास्त खाल्लं यावर दोन मिनिटं वाद झाला. दुसऱ्या आठवड्यात त्याला कुणी बोलावलं नाही.

एक मित्र तेवढा दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरवर आला. औषधांच्या दुकानात कामाला होता तो, बोलण्यात पटाईत, कपडे कायम इस्त्रीचे. शेठला बाजूला घेऊन त्याने इकडेतिकडे बघत विचारलं, “तुझं किती आहे?” एखादा रोग विचारावा तसं.

शेठने आकडा सांगितला.

“माझं दोन लाख वीस,” मित्र म्हणाला. “घरी माहीत नाही. वसुलीवाले दुकानावर फोन करतात. मी मालकाला सांगतो, कंपनीचा फोन आहे.” त्याने इस्त्रीची कॉलर उगाच सारखी केली. “तू कुणाला सांगितलंस सगळ्यात आधी?”

“मी कुठे सांगितलं? कळलं.”

“कळायच्या आधी सांगितलं असतंस तर?”

शेठने पुष्कळ विचार केला. “माहीत नाही,” तो म्हणाला. “पण एका माणसाचं वर्ष वाचलं असतं.”

महिना गेला. आईचं एक टुमणं मात्र थांबत नव्हतं. शेजारीण आली की, “मोठी कमी पडली हो, बाकी काही नाही”; मावशीचा फोन आला की, “हुशारी धाकट्यात उतरली.” ताई ऐकायची, कपड्यांच्या घड्या घालत राहायची. एका दुपारी ताई ड्युटीवर असताना आई पुन्हा तेच बोलली, आणि शेठ तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“आई, ताईचा नंबर लागला होता.”

त्याने सगळं सांगितलं. आई उशीला अभ्रा घालत होती. तिने तो घातला, कोपरे नीट केले, उशी बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

“मी तिला काय काय बोलले,” आई म्हणाली. मग परत म्हणाली, “महिनाभर मी तिला काय काय बोलले.”

त्याला ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशीही नाही, पुढे पंधरा दिवसही नाही. त्याचं ताट वेळेवर वाढलेलं असे, कपडे धुतलेले असत, आणि खांबाशेजारून जावं तशी ती घरात त्याच्या शेजारून वावरे.

आपण एक तरी गोष्ट खरी केली, असं शेठला वाटत होतं. ताई घरी आली, आईचा चेहरा तिने पाहिला आणि त्याला गच्चीवर घेऊन गेली. बँकेत चढला नव्हता तो आवाज आता चढला.

“सांगू नकोस म्हटलं होतं ना? मी ऐकून घेत होते ना सगळं? माझं काही अडलं होतं?”

“तुझ्याबद्दल ती असं बोलत होती, मला सहन होईना.”

“तुला सहन होईना! परत तूच!” ताई कठड्याला टेकली. “ती मला नावं ठेवायची आणि रात्री झोपायची तरी. आता झोपेल का? तुझं मन हलकं करायला तू तिचं जड केलंस.”

ती म्हणत होती ते खरं होतं, आणि त्याला जे वाटलं होतं तेही खोटं नव्हतं. ताई वाळत घातलेल्या चादरी काढू लागली. त्याने दुसरं टोक धरलं. तिने धरू दिलं.

दीड वर्ष असं गेलं. आधी ॲपचं कर्ज संपलं, मग एक कार्ड, मग ताईच्या नावावरचं. शेवटचा हप्ता भरून शेठने पावती तिला दाखवली, तिने ती फायलीत लावली आणि “दूध घेऊन ये” म्हणाली. त्याची उरलेली दोन अजून चालू होती. उस्तादांनी मधेच कधीतरी एका घराची किल्ली त्याच्याकडे टाकली, न बोलता. तो ती दिवसभर मुठीत धरून होता.

आणि मग सर्व्हिस सेंटरला ताईच्या हॉस्पिटलचं काम मिळालं.

अतिदक्षता विभागाला लागून सिस्टरांची एक लहान खोली होती, तिथला एसी पाणी गळत होता. शेठ शिडी लावून वर चढला, झाकण काढलं. जाळी धुळीने अशी गच्च भरली होती की बोट लावताच राखाडी थराचा पापुद्रा सुटला. खाली ताई औषधांचा ट्रे लावत होती. त्याला इथे बघून तिने मान हलवली होती फक्त. कामात ती बोलत नसे.

दार उघडून एक तरुण सिस्टर आत आली. खांद्यावर इन्चार्जची पट्टी, हातात फाइल. शेठने तिला ओळखलं. पुस्तकं न्यायला आली होती ती.

“ताई, अकरा नंबरचं ड्रेसिंग राहिलंय का?”

“नाही, मॅडम. झालंय. नोंद करायची राहिली, करते.”

“ताई, तुम्ही तरी मला मॅडम नका हो म्हणू.”

“ड्युटीवर म्हणायचं असतं,” ताई सहज म्हणाली. “तुम्हालाच बरं पडतं, बाकीच्या ऐकतात.” मग वर हात करून तिने ओळख करून दिली. “हा माझा भाऊ. एसीचं फार छान काम करतो. दोन कंपन्यांनी करून सोडलं होतं हे, आता बघा, गळणार नाही.”

इन्चार्ज सिस्टर वर बघून हसली, नमस्कारासारखं काहीतरी म्हणाली आणि गेली.

शेठच्या हातातली जाळी तिरकी झाली. सुटलेली धूळ सगळी त्याच्याच तोंडावर आली, डोळ्यांत गेली. त्याला काही दिसेना. त्याने एका हाताने यंत्राची कड घट्ट धरली.

“हलू नकोस,” ताईचा आवाज आला. तिने शिडी दोन्ही हातांनी धरली होती. “सावकाश. डावा पाय खाली. अजून एक. हं, आता जमीन आहे.”

तो खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिला, डोळे मिटलेले, धुळीतून पाणी गालांवर ओघळत असलेलं. कापसाचा बोळा ओला करताना बाटलीतून पाणी सांडल्याचा आवाज झाला. बाहेर कुणाच्या तरी पलंगाजवळचं यंत्र टिकटिकत होतं.

“मान वर कर,” ताई म्हणाली.

त्याला लगेच जमलं नाही. ती बोळा हातात धरून थांबली.